बारमाही वास्तव्य

माझ्या मामाचं नाक धारदार नव्हतं की नकटं नव्हतं, चारचौघांसारखंच होतं. पण त्या नाकावर त्याने एकोणचाळीस वर्षं नोकरी केली. लोक नाकाने कांदे सोलतात, माझा मामा नाकाने कारखाना सांभाळायचा. हे मी कौतुकाने सांगतेय असं समजू नका. त्याचं कौतुक करायचा हक्क मी स्वतःच्या हाताने घालवला, आणि तो कसा घालवला तेच सांगायला बसले आहे.

कारखाना धाग्याचा. लाकडाच्या लगद्यातून रेशमासारखा चकचकीत धागा काढायचे. धागा दिसायला देखणा, पण तो काढताना जो गॅस सुटायचा त्याला सडक्या अंड्यांचा वास. मामा पाइपांच्या देखरेखीवर होता. त्याच्या खिशात कायम खडू असायचा. पाइपाच्या प्रत्येक जोडाशी थांबायचा, मान जरा वाकडी करायचा, एकदाच हुंगायचा, आणि गळती वाटली तर खडूने फुली मारून पुढे जायचा. मागून फिटर यायचा आणि फुली दिसेल तिथे पाना लावायचा. गॅस मोजायचं यंत्र होतं म्हणा, पण ते आठवड्यातून तीन दिवस आजारी. मग इंजिनिअर ओरडायचे, "ते खोकं ठेवा बाजूला, नाक्याला बोलवा!" कारखान्यात त्याला नाक्याच म्हणत. खरं नाव निवृत्तीच्या समारंभात कुणीतरी कागदावरून वाचलं, तेव्हा लोक इकडेतिकडे बघायला लागले, की हा कोण बुवा?

घरात मात्र या नाकापायी आमच्या नाकी नऊ आले होते. मामीला सुवासिक तेल नाही, पावडर नाही, अंगाचा साबणसुद्धा बिनवासाचा. "दुसऱ्यांच्या बायका अत्तर लावतात, मी काय धुण्याचा सोडा लावू?" मामी करवादायची. मामा आवाज न चढवता म्हणायचा, "माझं हत्यार बोथट होतं गं." सर्दी झाली की तो आपणहून रजा टाकायचा. साहेब चिडले तर त्यांना सांगायचा, "आंधळ्याला पहाऱ्यावर बसवून काय करणार आहात?"

मी सहा वर्षांची असताना माझी आई गेली. बापाने त्याआधीच दुसरीकडे संसार थाटला होता, त्याला पोरगी नको होती. मामाने मला एका पिशवीसकट उचलून आणलं आणि वाढवलं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. मी खोटं बोलले की मामा माझ्या केसांजवळ नाक आणायचा, हुंगायचा आणि म्हणायचा, "अंहं, खोट्याचा वास येतोय." मला ते खरंच वाटायचं. चांगली बारा वर्षांची घोडी झाले तरी मी त्याच्यासमोर खोटं बोलायच्या आधी डोकं धुऊन यायचे.

कारखान्यातली एकच गोष्ट तो घरी सांगायचा, आणि ती सांगताना हसायचा नाही. त्याचा एक जोडीदार होता. एकदा खड्ड्यातला गाळ काढायला दोघं गेले. जोडीदार खड्ड्याच्या तोंडाशी उभा राहिला, वाकून हुंगलं आणि म्हणाला, "गेला रे गॅस, आता वास येत नाही. उतरतो." उतरला तो वर आलाच नाही. "त्या गॅसची खोडच तशी," मामा म्हणायचा. "थोडा असला की वास येतो. फार झाला की तो आधी नाकच मारतो. वास येतोय तोवर भिऊ नका. यायचा थांबला की पळा."

मामानेच मला टायपिंगच्या क्लासला घातलं आणि मामानेच फॉर्म आणून दिला म्हणून मी नगरपालिकेच्या सभा विभागात लागले. माझं काम असं, की सभागृहाच्या कोपऱ्यात वही घेऊन बसायचं, कोण काय बोललं ते टिपायचं आणि त्याचं कार्यवृत्त टाइप करायचं. कार्यवृत्त म्हणजे सभेची अधिकृत नोंद. तोंडाने काहीही बोललेलं असो, कार्यवृत्तात आहे तेच खरं. एखादा सदस्य बाक बडवून ओरडला, "तुझ्या बापाची आहे का रे नगरपालिका?" तर आम्ही लिहायचो, "सन्माननीय सदस्यांनी मालकीविषयी विचारणा केली." हा चमत्कार आमचे हेडक्लार्क करायचे. त्यांना सगळे शुद्धलेखन म्हणायचे. स्वतः ते सभेला कधी फिरकत नसत. मी टाइप केलेला मसुदा त्यांच्याकडे जायचा, ते लाल पेनाने बोलीतलं सगळं खुडून काढायचे आणि कागद परत माझ्याकडे यायचा. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली शब्दांची यादी होती. घर म्हणजे निवासस्थान. भांडण म्हणजे मतभिन्नता. पाणी नाही म्हणजे पाण्याची अनुपलब्धता.

त्या यादीत एक शब्द लाल शाईने, खाली दोन रेघा ओढून लिहिलेला होता. त्याचा किस्सा ऑफिसात सगळ्यांना पाठ. फार पूर्वी एका नगराध्यक्षांच्या निरोपाच्या ठरावात कुणा शहाण्याने लिहिलं होतं, "माननीय अध्यक्षांचा या प्रभागात पंचवीस वर्षे वास आहे." ठराव भर सभेत वाचला गेला आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "तरीच म्हटलं!" सभागृह दहा मिनिटं हसत होतं. अध्यक्षांनी शुद्धलेखनना केबिनमध्ये बोलावून असं फैलावर घेतलं, की त्या दिवसापासून त्यांनी वास या शब्दाशी उभा दावा मांडला. मसुद्यात वास दिसला की लाल रेघ, वर लिहायचं वास्तव्य.

आता त्या मैदानाचं सांगते. कारखान्याची मागची भिंत आणि गाव यांच्यामध्ये मोठं मोकळं मैदान होतं. गवत, चार झुडपं, रखवालदाराची एक पत्र्याची शेड. नियम असा, की कारखान्याच्या भिंतीपासून पाचशे मीटरच्या आत नवी वस्ती करता येत नाही. आधीपासून वस्ती असेल तर मात्र तिथे पक्की घरं बांधून देता येतात. नगरपालिकेला त्या मैदानावर सहा इमारती उठवायच्या होत्या. निवडणूक तोंडावर होती आणि गावात घरांसाठी लोक रडकुंडीला आले होते. मीही त्यांतलीच. नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. एक खोली, पाच घरांत मिळून एक संडास, तोही जिन्याखाली. मुलगी दहा वर्षांची झाली होती. तिला कपडे बदलायचे असले की मी चादर धरून उभी राहायचे. या योजनेत नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांसाठी काही घरं राखीव होती आणि मी अर्ज केला होता. मामाला मी ते सांगितलं नव्हतं.

हरकती ऐकायला सभा भरली. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आला. तोपर्यंत मामी वारली होती, त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण नाक जागेवर होतं. माईकसमोर उभा राहून तो म्हणाला, "साहेब, त्या जागेवर बारा महिने वास असतो. आजचा नाही, चाळीस वर्षांपासूनचा आहे. दिवसा कमी असतो, रात्री वाढतो. भिंतीच्या कडेला सगळ्यात जास्त. त्याच्याकडे काणाडोळा करू नका."

विरोधी बाकावर एक शिंपी होता, दुकान सांभाळून सदस्य झालेला, सरळ माणूस. त्याला मामाचा मुद्दा पक्का करून घ्यायचा होता. त्याने विचारलं, "म्हणजे दुर्गंधी आहे असं म्हणायचंय ना काका?"

"नाही," मामा म्हणाला. "दुर्गंधी गटाराला. हा वास आहे. दुर्गंधी आली की माणूस नाक धरतो. या वासाला नाक उघडं ठेवावं लागतं."

लोक हसले. अध्यक्ष म्हणाले, "बरं आजोबा, मुद्दा आला लक्षात, बसा." बाहेर पडताना मामा माझ्या टेबलापाशी थांबला आणि हळूच म्हणाला, "मी बोललो तसंच लिही हं. अक्षरही इकडचं तिकडे नको."

आणि मी तसंच लिहिलं, देवाशप्पथ! मी दुर्गंधी लिहिलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मामाने नको म्हटलेला शब्द मी कसा घालणार? मी वास लिहिलं. मसुदा शुद्धलेखनकडे गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. त्यात लाल अक्षरात होतं, "सदर जागेवर गेल्या चाळीस वर्षांपासून बारमाही वास्तव्य असून ते दिवसा कमी व रात्री अधिक असते. भिंतीलगत ते सर्वाधिक आहे. त्याकडे दुर्लक्ष करणे उचित होणार नाही." दुर्गंधीवरची प्रश्नोत्तरं त्यांनी किरकोळ म्हणून छाटली होती.

वाचून मी मोठ्याने हसले. खरंच हसले. कागद घेऊन उठले, म्हटलं जाऊन दाखवते त्यांना त्यांचा पराक्रम. ते जेवायला गेले होते. म्हणून मी व्हरांड्यात थांबले, आणि व्हरांड्यातल्या फलकावर शिपाई एक यादी लावत होता. नव्या घरांची तात्पुरती यादी, योजना मंजूर झाल्यास, वगैरे. कर्मचाऱ्यांच्या कोट्यात माझं नाव पाचवं.

मी जागेवर परत आले. कॉम्प्युटरवर फाइल उघडली आणि वास खोडून तिथे वास्तव्य टाइप केलं. या एका शब्दावर सहा इमारती उभ्या राहतील हे तेव्हा मला कळलं होतं का? नाही म्हणावंसं वाटतं. पण आता खोटं कशाला बोलू, थोडं थोडं कळलं होतं.

पुढच्या सभेत पहिला विषय नेहमीचा, मागील सभेचं कार्यवृत्त कायम करणे. तो विषय कुणी ऐकतही नाही, चहा यायच्या आत मंजूर मंजूर होतो. तसा झाला. मग मुख्याधिकारी उठले आणि म्हणाले, "पाचशे मीटरची अट इथे लागू नाही. वस्ती आधीपासून आहे. हरकत घ्यायला आलेल्या गृहस्थांनीच ते सांगितलंय." आणि त्यांनी मामाचं म्हणणं वाचून दाखवलं. "दिवसा कमी, रात्री अधिक. साहजिक आहे, माणसं दिवसा कामाला जातात."

शिंपी ताडकन उभा राहिला. "कसली वस्ती? तिथे गुडघाभर गवत आहे!"

"तुम्ही रात्री जाऊन बघितलंय का?" अध्यक्षांनी विचारलं आणि हशा पिकला.

"अहो, तो म्हातारा वासाबद्दल बोलत होता!" शिंपी म्हणाला. कुणाचं लक्ष नाही असं बघून तो वळला आणि थेट माझ्याकडे हात केला. "बाई, तुम्ही इथेच होतात. तुमच्या वहीत काय आहे? ते वास्तव्य म्हणाले होते का?"

सगळं सभागृह माझ्याकडे बघायला लागलं. वही माझ्या मांडीवर होती. पान उलटायचं आणि एक शब्द वाचायचा, बस्स. नोकरी गेली नसती, फाशी झाली नसती. शुद्धलेखनना बोलणी बसली असती, योजना रखडली असती आणि मी त्या चादरीचं टोक धरून आणखी काही वर्षं उभी राहिले असते.

"कार्यवृत्तात आहे तसंच," मी म्हणाले.

ठराव बहुमताने मंजूर झाला. लोक म्हणतात ध चा मा केला. अहो, ध चा मा करताना निदान एक अक्षरच बदललं होतं, मी अख्खा शब्द बदलला आणि वर तीन शब्दांत त्यावर शिक्का मारला. शिंपी खाली बसला तो त्या दिवशी पुन्हा उठलाच नाही. त्यानंतर मी त्याच्या दुकानावरून गेले की तो शिवणातली मान वर करायचा नाही.

दोन दिवसांनी मामा घरी आला. "माझ्या बोलण्याचा कागद आणलास?" मी झेरॉक्स आणलेली होती, त्यानेच सांगून ठेवलं होतं. "वाच," तो म्हणाला. त्याला अक्षर दिसत नव्हतं. मी कागद समोर धरला आणि वाचलं, "त्या जागेवर बारा महिने वास असतो. आजचा नाही, चाळीस वर्षांपासूनचा आहे." शेवटपर्यंत वाचलं. न अडखळता. माझी मुलगी शेजारी बसून अभ्यास करत होती.

"झालं तर मग," मामा म्हणाला. "ऐकूनही बांधताहेत ना, बांधू देत. कागदावर आलंय. उद्या काही झालं तर कागद बोलेल." त्याने कागदाची घडी घातली आणि माझ्याच हातात दिली. "तुझ्याकडे ठेव, माझ्याकडे हरवायचा."

इमारती दीड वर्षात उठल्या. मला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या, आतच संडास, मुलीला दाराची स्वतंत्र खोली. मामाला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "तुझा नाइलाज असेल." मी त्याला आमच्याकडे राहायला बोलावलं, तर म्हणाला, "मी जन्मभर त्याच्यापासून लोकांना लांब ठेवलं, आता त्याच्या कुशीत झोपू?" घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. माझं तर घर नीट उभं होतं, फिरले होते मीच.

पहिले काही महिने वास यायचा. सगळ्या इमारतींत तोच विषय. पाहुणे जिन्यातच नाक मुरडायचे आणि आम्ही चेष्टेवारी न्यायचो, "अंडी उकडायला ठेवलीत, बसा." मुलीचं डोकं दुखायचं, डोळे चुरचुरायचे. डॉक्टर थेंब द्यायचे. मग हळूहळू विषय मागे पडला. डोकेदुखी राहिली, विषय गेला.

मामा आला तो एका रविवारी सकाळी, न सांगता. काठी टेकत तीन मजले चढून आला. मुलीने दार उघडलं, त्याला खुर्चीत बसवलं आणि कौतुकाने सांगायला लागली. "आजोबा, आधी इथे कसला घाण वास यायचा माहितीये? आता अजिबात येत नाही! कधीपासून गं आई? दोन महिने झाले ना?"

मामाच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. "मला खालच्या फाटकापासून येतोय," तो म्हणाला. मग माझ्याकडे तोंड वळवून विचारलं, "तुला?"

"नाही," मी म्हणाले.

त्याने कप खाली ठेवला. "तो कागद काढ," तो म्हणाला. "उद्या घेऊन जाऊ तुझ्या ऑफिसात. चाळीस वर्षांपासूनचा वास, रात्री वाढतो, भिंतीकडे जास्त. त्यांच्याच शिक्क्याचा कागद आहे. तो दाखवला की त्यांना हलवावं लागेल तुम्हाला. सगळ्यांनाच. काढ लवकर, आणि मला एकदा वाचून दाखव, मी पाठ करतो."

मी कपाट उघडलं. कागद साड्यांच्या घड्यांखाली होता. म्हटलं वाचावं पुन्हा तेव्हासारखंच. पण उद्या ऑफिसात दुसरं कुणी वाचणारच होतं. आणि मुलगी समोर उभी होती, लाल डोळ्यांनी. मी या वेळी जे लिहिलं होतं तेच वाचलं. सदर जागेवर गेल्या चाळीस वर्षांपासून बारमाही वास्तव्य.

"हे मी म्हणालो?" मामाने विचारलं.

"नाही."

"कुणी लिहिलं?"

"साहेबांनी खाडाखोड केली. टाइप मी केलं. सभेत विचारलं तेव्हाही मी बोलले नाही."

"आणि मला वाचून दाखवलंस ते?"

"ते मनाने वाचलं."

तो काठीवर जोर देऊन उठला. माझ्याजवळ आला. मला वाटलं मारतो, आणि मारावं असंही वाटलं. त्याने माझ्या केसांजवळ नाक आणलं आणि हुंगलं, मी लहान असताना हुंगायचा तसं. "तेव्हा आला नाही," तो म्हणाला. "तू वाचत होतीस आणि मला काहीच वास आला नाही. एकोणचाळीस वर्षं काढली गं मी या नाकावर."

मी त्याचे पाय धरायला वाकले तर तो मागे सरकला. मुलीला म्हणाला, "दप्तर घे बाळा. कपडे घे दोन." ती माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. तिने दप्तर भरलं, चपला घातल्या. मामाने तिचा हात धरला. दारात थांबून, माझ्याकडे न वळता तो म्हणाला, "पोर माझ्याकडे राहील. तू कर इथे वास्तव्य."

जिन्यावरून काठीचा आवाज खाली जात राहिला. मी आत आले, मागची खिडकी सताड उघडली. समोर कारखान्याची भिंत, भिंतीच्या वर पाइप. मी डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला, एकदा, दोनदा, तीनदा. काहीच आलं नाही.